ढेकूळ आणि डहाळी

लिहायला बसलो खरा, पण आधीच सांगून टाकतो की हे काम माझं नाही. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलेलं नाही. हिंगणघाटला वडिलांचं सायकल दुरुस्तीचं दुकान आहे, आणि आमच्याकडे लिहिणं म्हणजे दुकानाच्या फळीवर खडूनं 'उद्या या' असं लिहिणं. मी इंजिनिअर झालो, अमेरिकेत आलो, तरी चार ओळी लिहायच्या म्हटलं की हात अडखळतो. त्यातून एखाद्या माणसाबद्दल लिहायचं तर त्याला नीट ओळखणाऱ्यानं लिहावं. मी काकांच्या घरात दोन हिवाळे भाडेकरू होतो, एवढीच माझी ओळख. त्यांना तीस-तीस वर्षं पाहिलेली मराठी माणसं इथं मिशिगनमधल्या ॲन आर्बरमध्ये आहेत. पण त्यांच्यातलं कुणी लिहील असं दिसत नाही, आणि लिहिलं तर वेगळंच लिहील अशी मला भीती आहे. शिवाय काकांनी एकदा मला साक्षीदार केलं होतं. साक्षीदाराला भाषा यावी लागत नाही, तो हजर असावा लागतो, असं तेच म्हणाले होते. त्या एका आधारावर लिहितो आहे. अधिकार नसताना बोललो असं वाटलं तर मोठ्या मनानं सोडून द्यावं.

त्यांचा पत्ता मला एका सीनियरनं दिला. देताना म्हणाला, "यार, माणूस चांगला आहे, पण डोकं पिकवतो. इंग्रजांच्या जमान्यातले कायद्याचे शब्द सांगत बसतो. तू नुसतं हो हो करत जा."

मी गेलो तेव्हा ऑगस्ट संपत आला होता आणि बाहेर चांगलं ऊन होतं, तरी दार उघडणाऱ्या म्हाताऱ्याच्या डोक्यावर लोकरी टोपी होती. उंच, थोडे वाकलेले, चष्मा नाकावर घसरलेला. त्यांनी माझं नाव विचारलं नाही. गाव विचारलं नाही. पहिला प्रश्न केला, "किती दिवस राहणार?"

मी म्हटलं, कोर्स संपेपर्यंत, दोन वर्षं.

"मुदत सांगू नकोस," ते म्हणाले. "मुदत सांगितलीस की ते एक प्रकरण होतं. त्यापेक्षा मर्जीवर राहा. टेनंट ॲट विल. मला वाटलं तर तू जाशील, तुला वाटलं तरी तू जाशील. यात फायदा असा की दोघांनाही रोज एकमेकांशी बरं वागावं लागतं."

मी हो म्हटलं. मग त्यांनी मला आत घेतलं, वरण-भात वाढला, आणि जेवताना नाव विचारलं.

काका कोल्हापूरला वकिली शिकले होते आणि पुढच्या शिक्षणासाठी अमेरिकेत आले होते. ते शिक्षण काही पुरं झालं नाही. का, ते त्यांनी कधी सांगितलं नाही. घरांच्या खरेदी-विक्रीच्या आधी जुने दस्त तपासून देणाऱ्या एका कंपनीत त्यांनी सगळी नोकरी काढली. आपल्याकडे वकील सर्च रिपोर्ट काढतात, तसलंच काम. घर विकायला निघालं की त्याच्या आधी ते कुणाचं होतं, त्याच्या आधी कुणाचं, असं मागे मागे जायचं. मागे जाता जाता त्यांना असे शब्द भेटायला लागले की जे इंग्लंडमध्ये कधीकाळी जिवंत होते, जहाजातून लोकांबरोबर इकडे आले, आणि आता कुणाला नको होते. ऑफिसातली माणसं ते शब्द ओलांडून पुढे जायची. काका थांबायचे. अर्थ शोधायचे. आणि मग तो शब्द घरी घेऊन यायचे, एखाद्यानं भटकं मांजर आणावं तसा.

घरात प्रत्येक गोष्टीला त्यांच्याकडे एक शब्द होता. शेजारणीनं मोठी शेड बांधली आणि स्वयंपाकघरातला सकाळचा उजेड गेला, तेव्हा ते महिनाभर म्हणत होते की इंग्लंडात असतो तर जुन्या उजेडाचा हक्क मागितला असता. पण शेजारीण भेटली की तिच्या शेडचं कौतुक करायचे. मागच्या अंगणात ते मेथी, टोमॅटो आणि लसूण लावायचे. त्याबद्दलचा त्यांचा आवडता शब्द होता एम्ब्लिमेंट्स. म्हणजे कुळानं पीक पेरलं आणि मध्येच त्याचा काही दोष नसताना जमिनीवरचा हक्क संपला, तर पेरलेलं काढून न्यायला त्याला परत येऊ द्यायचं. "बघ," ते म्हणायचे, "जमीनदारांनीच केलेला कायदा, पण कुणाच्या तरी मनात आलं की पेरणाऱ्याचं काय?" हे सांगताना त्यांचा चेहरा असा व्हायचा की जणू त्या अनामिक माणसाला ते भेटून आले आहेत.

सीनियरच्या सांगण्याप्रमाणे मी सुरुवातीला हो हो करत असे. नंतर खरंच ऐकायला लागलो. ताबा, वहिवाट, कूळ, हक्कसोड हे शब्द मी लहानपणापासून दुकानासमोरच्या बाकावर ऐकलेले होते. तालुक्याला तारखेला आलेली माणसं सायकलची हवा भरेपर्यंत तेच बोलायची. काका इंग्रजी शब्द सांगायचे आणि मी त्याला आपल्याकडचा जवळचा शब्द सांगायचो. जुळला की ते टेबलावर बोटानं टकटक करायचे. युनिव्हर्सिटीत मला काही विचारलं तर उत्तर तोंडाशी येईपर्यंत तास संपायचा. काकांच्या टेबलाशी मात्र मी बोलत असे. मला इथं काही येतं, असं वाटणारी ॲन आर्बरमधली ती एकच जागा होती.

त्या घराची गोष्ट सांगितल्याशिवाय काकांची गोष्ट सांगता येत नाही. काकांची बायको अमेरिकन होती, हेलनकाकू. त्यांच्या पहिल्या नवऱ्यानं मरण्याआधी मृत्युपत्र करून ठेवलं होतं की घर हेलननं तिच्या हयातीपुरतं वापरावं, आणि तिच्या पश्चात ते मुलाला, पीटरला, जावं. हेलनकाकू शाळेत संगीत शिकवायच्या. त्यांना त्या कागदाचा अर्थ लागेना, म्हणून त्या काकांच्या ऑफिसात आल्या. काकांनी समजावलं की बाई, घर तुमचं आहे, पण तुमच्यापुरतं. त्यावर त्या हसून म्हणाल्या, "मग ठीक आहे. मीही माझ्यापुरतीच आहे." काका म्हणायचे की तीस वर्षांच्या नोकरीत मृत्युपत्र वाचून हसलेलं दुसरं माणूस त्यांनी पाहिलं नाही. दोन-तीन वर्षांनी त्यांनी लग्न केलं.

पुढे काकूंची स्मृती जायला लागली. ती पुरती जायच्या आधी त्यांनी स्वतःच वकिलाकडे जाऊन त्यांचा तो हयातीपुरता हक्क काकांच्या नावावर केला, म्हणजे सही करायला आपली गरज पडू नये. तेव्हापासून घर काकांचं होतं, पण मोजमाप काकूंच्या आयुष्याचं. काकू आहेत तोवर घर काकांकडे. काकू गेल्या की त्याच दिवशी ते पीटरचं. यालाही जुना शब्द होता. पुर ओत्र व्ही. दुसऱ्याच्या आयुष्याइतकं.

मी एकदा विचारलं होतं, "पण काका, तुम्हीच आधी गेलात तर?"

ते खूश झाले. म्हणाले, त्याचीच तर गंमत आहे. फार पूर्वी कायद्याला उत्तरच सापडेना. ज्याच्या आयुष्यावर मोजायचं तो जिवंत, म्हणून हक्क जिवंत. पण धरणारा मेलेला. वारसाला द्यावं तर तसं लिहिलेलं नाही. मग ठरलं असं की जागा रिकामी आहे, जो पहिला येऊन आत पाऊल ठेवेल त्याची. "नाव काय दिलं? जनरल ऑक्युपंट. सरळ 'पहिला येणारा' म्हणावं ना. हे पुढे बंद झालं. पण बंद झालं नसतं आणि तू तेव्हा इथं बसून चहा पीत असतास, तर तुझंच झालं असतं रे घर."

काकू मी यायच्या आधीच नर्सिंग होममध्ये, म्हणजे म्हाताऱ्या-आजारी माणसांना कायमचं सांभाळतात तिथं, गेल्या होत्या. काका गाडी चालवत नसत. गॅरेजमध्ये काकूंची जुनी निळी सायकल गंजून पडली होती, ती मी दुरुस्त करून दिली. चेन, ब्रेक, दोन्ही चाकांचे आरे. तेवढं मला येत होतं. मग बर्फ नसेल तेव्हा काका त्या लेडीज सायकलवरून जायचे, पुढच्या बास्केटमध्ये स्टीलचा डबा. डब्यात रव्याची खीर. काकूंना बाकी काही आठवत नव्हतं, नवऱ्याचं नावही नाही, पण ती खीर तोंडात गेली की त्या डोळे मिटून काहीतरी गुणगुणायच्या. काका म्हणायचे, सूर अजून बरोबर लागतो.

मी अधूनमधून बरोबर जात असे. काका खिडकीजवळच्या खुर्चीत बसायचे आणि काकूंना शब्द सांगायचे. त्यांना काही समजत नव्हतं. एकदा मी, जरा धीर करून, विचारलं की का सांगता. ते म्हणाले, "हे शब्द आणि ती, दोघांना भेटायला कुणी येत नाही. एकाच फेरीत होतं." नंतर हसले, पण मला हसता आलं नाही.

पीटर येत नसे. तो तासाभराच्या अंतरावर राहायचा, घरं गरम ठेवणाऱ्या फर्नेस दुरुस्त करायचा, त्याची स्वतःची व्हॅन होती. आई आपल्याला ओळखत नाही हे त्याला सोसवत नाही, असं काका सांगायचे. नर्सिंग होमची एक नर्स मात्र सांगायची की तो एकदा येऊन काकांवर आवाज चढवून गेला होता.

त्याच्या मनात काय होतं ते मला गणपतीत कळलं. आमच्या मंडळाचा गणपती एका शाळेच्या कॅफेटेरियात बसतो. जेवणाच्या रांगेत काकांच्या पुढे एक गृहस्थ होते, मोटार कंपनीत मोठ्या हुद्द्यावर. ते वळून, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "काय काका, तब्येत कशी आहे घराची?"

दोन-तीन जण हसले; काका काकूंना घरासाठीच जगवतात, हे पीटरचं बोलणं इथवर पोचलं होतं. वाढणाऱ्या एक बाई उगाच पापड मोजायला लागल्या.

काका म्हणाले, "बरी आहे. काल चार चमचे खाल्ले."

एवढंच. त्यांनी प्रसाद घेतला, आरतीला थांबले, टाळ्या वाजवल्या. परत येताना बसमध्ये मी काहीतरी रागानं बोललो, की लोकांना काही वाटत कसं नाही. काका बाहेर बघत होते. मग म्हणाले, "तो प्रश्न चुकीचा नाही रे. विचारायची जागा चुकीची होती."

त्या ऑक्टोबरात आम्ही दोघांनी लसूण लावला. तिथं लसूण थंडीच्या आधी लावतात, वर पेंढा पसरतात, आणि तो बर्फाखाली झोपून पुढच्या उन्हाळ्यात तयार होतो. काका पाकळ्या मातीत खोचत होते आणि म्हणत होते की हा कोण काढेल ते सांगता येत नाही. तेव्हा मला वाटलं होतं, नेहमीसारखं बोलत आहेत.

फेब्रुवारीत काकूंना गिळता येईनासं झालं. घास घशात अडकायचा, खोकला थांबायचा नाही. डॉक्टरनं काकांना बोलावलं. काका मला म्हणाले, "चल बरोबर. मला हल्ली एकदा सांगितलेलं अर्धंच ऐकू येतं." डॉक्टर तरुण बाई होती, थकलेली पण बोलायला मऊ. तिनं सांगितलं की पोटात नळी घालून अन्न देता येईल. त्यानं आयुष्य किती वाढेल ते नक्की नाही, त्रासही होईल. किंवा नळी न घालता चमच्यानं जेवढं जाईल तेवढं द्यायचं, आणि जे होईल ते होऊ द्यायचं. मग तिनं विचारलं, काकूंना काय आवडलं असतं?

काका म्हणाले, "डॉक्टर, मला विचारू नका. माझा यात हितसंबंध आहे."

तिला कळलं नाही.

"ती जगली तर घर माझ्याकडे राहतं," काका म्हणाले. "ती गेली तर जातं. अशा माणसाला असला प्रश्न विचारत नाहीत."

 ती म्हणाली, तुम्ही त्यांचे पती आहात, तुमच्याशिवाय कुणाला विचारू? काकांनी थोडे दिवस मागितले.

परतताना त्यांनी शब्द सांगितले नाहीत. घरी आल्यावर टोपी न काढता स्वयंपाकघरात उभे राहिले आणि माझ्याकडे पाठ करून बोलले. ते मी होतं तसं लिहितो. "रोज सकाळी तिला बघितलं की मनात येतं, आजचा दिवस मिळाला. इतकी वर्षं येतं. आता मला कळेनासं झालंय की तो दिवस मी तिच्यासाठी मागतो की या छपरासाठी. आतून दोन्ही सारखंच वाटतं. मी दुसऱ्यांचे दस्त तपासून दोष काढायचो. हा मला तपासता येत नाही."

 मी चहा ठेवला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी वकिलाला फोन केला आणि मग पीटरला. घरावरचा हक्क ते पीटरला आत्ताच सोडून देणार होते, काकू जिवंत असताना. वकिलाकडे सह्या झाल्या. कायद्यानं तेवढं पुरे होतं. पण काका म्हणाले, कागद झाला, आता खरं करू.

जुन्या काळी इंग्लंडात कागदानं जमीन जात नसे. देणारा आणि घेणारा त्या जमिनीवर उभे राहायचे, घर पूर्ण रिकामं करायचे, आणि देणारा मातीचं ढेकूळ आणि झाडाची डहाळी घेणाऱ्याच्या हातात ठेवायचा. मग घेणारा एकटा आत जायचा, दार लावून घ्यायचा, पुन्हा उघडायचा आणि बाकीच्यांना आत घ्यायचा. शेजारीपाजारी साक्षीला असायचे. लिव्हरी ऑफ सीझिन. हे त्यांनी मला पूर्वी कितीदा तरी सांगितलं होतं. कुठं कुठं म्हणे लहान पोरालाही साक्षीला आणत आणि देणंघेणं झालं की त्याच्या कानाखाली एक वाजवत, म्हणजे पोरगं म्हातारं होईपर्यंत तो दिवस विसरणार नाही.

मार्चमधला शनिवार होता. अंगणात अजून बर्फ होतं. पीटर व्हॅन घेऊन आला, कामाच्या जॅकेटमध्येच. लाल चेहऱ्याचा, दणकट माणूस. शेजारीण डोरथीबाई कोटावर शाल घेऊन कुंपणाशी उभ्या राहिल्या; त्यांना सत्तरीत कुणीतरी साक्षीदार केल्याचा आनंद झालेला दिसत होता. पीटरनं मला बाजूला घेऊन हळूच विचारलं की यांचंही डोकं आईसारखंच चाललंय का. मी म्हटलं, नाही. 

माती दगडासारखी गोठलेली. कुदळीनं नुसता आवाज यायचा. शेवटी मी आतून केटलीभर उकळतं पाणी आणलं, ते ओतलं, वाफ आली, आणि मग काकांनी गुडघे टेकून हातानं एक ढेकूळ उपसलं. काकूंनी लावलेल्या लायलॅक या फुलझाडाची एक डहाळी मोडून त्यात खोचली. डहाळीला पान नव्हतं, नुसते बारीक डोळे आले होते. मग त्यांनी मला घरात कुणी नाही ना ते पुन्हा बघून यायला सांगितलं. माझी बॅगसुद्धा बाहेर आणायला लावली. दार लावलं.

त्यांनी ढेकूळ पीटरच्या पंजात ठेवलं आणि इंग्रजीत ते जुनं वाक्य म्हटलं, की हे घर आणि ही जमीन मी तुझ्या ताब्यात देतो. आवाज नेहमीचाच होता. हात चिखलानं माखलेले.

पीटर आत गेला. दार लागलं.

आम्ही थांबलो. दार उघडेना. डोरथीबाई एका पायावरून दुसऱ्या पायावर होत होत्या. मी काकांकडे पाहिलं, ते लायलॅककडे बघत होते. आत एकदा पियानोची एक पट्टी दाबल्याचा आवाज आला, एकच. नंतर काही नाही.

दार उघडलं तेव्हा पीटरचे डोळे लाल होते. ढेकूळ अजून त्याच्या हातात होतं. तो म्हणाला, "तिचा कोट अजून खुंटीवर आहे."

"हो," काका म्हणाले.

पीटर दारातच उभा राहिला. मग म्हणाला, "मला वाटत होतं, तुम्ही तिला घरासाठी ठेवलंय. मी लोकांना तसं सांगितलंही."

काका म्हणाले, "मलाही तीच भीती होती."

 पीटर बाजूला झाला आणि त्यानं आम्हाला आत घेतलं. उंबऱ्यापाशी काका माझ्याकडे वळले. साक्षीदारांत वयानं लहान मीच होतो. त्यांनी चिखलाचा हात माझ्या गालाला हळूच लावला. फार हळू. पण वाजवल्यासारखंच झालं, कारण आजही आरशात बघताना कधी कधी हात तिथं जातो.

सोमवारी काकांनी डॉक्टरला सांगितलं की नळी नको. या वेळी पीटर शेजारी बसला होता. त्यानं मान हलवली. नर्सनं काकांना शिकवलं की काकूंना किती ताठ बसवायचं, चमचा किती भरायचा, गिळल्याशिवाय पुढचा द्यायचा नाही. एका वाटीला दुपार सरायची. सगळ्यांना वाटलं होतं, काही आठवड्यांचाच प्रश्न आहे. पण काकू खात राहिल्या.

पीटरनं काकांना घरातच राहायला सांगितलं होतं. मीही सांगितलं. ते म्हणाले, "राहिलो तर पुन्हा तेच. तिच्याबद्दल काही ठरवायचं झालं तर परत छप्पर मध्ये येईल." नर्सिंग होमच्या मागच्या गल्लीत त्यांनी एक खोली घेतली. मे महिन्यात माझा कोर्स संपला, मला अमेरिकेच्या दुसऱ्या टोकाला, सनीव्हेलला, नोकरी लागली होती. निघायच्या आधी मी त्यांचं सामान हलवून दिलं. दोन खोकी पुस्तकं, रव्याचा डबा, कढई. सायकल नेऊ का, असं त्यांनी पीटरला रीतसर विचारलं, जमिनीला जोडलेली नसल्यानं ती घराबरोबर जात नव्हती तरी. पीटरनं त्यांना सायकलवर बसवूनच दिलं.

रविवारी त्यांचा फोन यायचा. जुलैत एकदा आला तो नुसता हसत. पीटर नर्सिंग होममध्ये आला होता, अंगणातल्या लसणाची वेणी विणून ती घेऊन. काकांनी त्याला समजावलं म्हणे, की बाबा, ज्यानं आपणहून सोडलं त्याला पीक काढायचा हक्क राहत नाही, एम्ब्लिमेंट्स इथं लागू नाही.

"मग?" मी विचारलं.

"मग काय. त्याला समजलं नाही. मी घेतला."

नंतर माझं काम वाढलं. कंपनीच्या शटल बसनं ऑफिस, शटलनं घर. काका फोन करायचे, पण कमी. बोलणं झालं की ते सांगायचे आज काकूंनी किती खाल्लं, सूर लागला की नाही. थंडीत फोन बंद झाले. मी खोलीवर फोन करायचो, वाजत राहायचा. मला वाटायचं, तिकडेच बसले असतील, खुर्चीत. आणि तसं वाटून मला बरंही वाटायचं.

एप्रिलमध्ये एका दुपारी, ऑफिसच्या पार्किंग लॉटमध्ये, मिशिगनच्या एका नंबरवरून फोन आला. पीटर होता. आधी म्हणाला, माफ कर, माझ्याकडे तुझा नंबर नव्हता, काल सापडला, रव्याच्या डब्याच्या झाकणाला आतून चिकटवलेला. मग सांगितलं. जानेवारीत, दुपारी, काकूंना भरवून झाल्यावर काका खुर्चीत मागे टेकले. नर्सला वाटलं, डोळा लागला असेल. वाटी मांडीवर तशीच होती. रिकामी होती, असं तो म्हणाला.

मी कुणाच्या तरी गाडीला टेकून उभा राहिलो. काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं, "आणि काकू?"

"आहे," तो म्हणाला. "खुर्ची रिकामी होती. मी बसतो आता. दुपारची कामं घेत नाही."

मला 'पहिला येणारा' आठवला.   मागे कुठंतरी ट्रॉलीचा आवाज येत होता, म्हणजे तो तिथूनच बोलत होता.

"ती माझ्या हातचं खात नाही," पीटर म्हणाला. "पुडिंग देतो, सूप देतो, तोंड फिरवते. ते रव्याचं काहीतरी ते करायचे ना. तू पाहिलंयस करताना. कसं करायचे?"

मी पाहिलं होतं. मी सांगायला लागलो की रवा आधी कोरडाच भाजायचा, मंद आचेवर, रंग बदलू द्यायचा नाही.